टीव्ही गेमच्या जुन्या मशीनवर स्वतःचा गेम चालवायचाय? मग कार्ट्रिज सगळ्यात शेवटी घ्या

माळ्यावर नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम अजून पडून आहे आणि त्यावर स्वतः लिहिलेला, किंवा लेखकाने मोफत खुला केलेला, नवा गेम चालवायचा आहे, अशा लोकांसाठी हा लेख आहे. नाशिकमध्ये असे लोक बरेच आहेत आणि त्यातले बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी परदेशातून फ्लॅश कार्ट्रिज (मेमरी कार्डावरचे गेम चालवणारी कॅसेट) मागवायची, आली की मशीनमध्ये बसवायची, आणि करडा पडदा दिसला की कार्ट्रिज खराब निघाली म्हणायचे. दोष बहुतेक वेळा अडॅप्टरमध्ये, कॅसेटच्या खाचेत किंवा रॉममध्ये (गेमच्या फाइलमध्ये) असतो. या तिन्ही गोष्टी कार्ट्रिजवर एक रुपयाही न घालता तपासता येतात.

आपल्याकडची ही मशीन निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी टीव्ही गेमच्या नकला आहेत. खाली दिलेला क्रम फक्त त्यांच्यासाठी आहे. तो बदलू नका. प्रत्येक टप्प्याची तपासणी जमली तरच पुढे जा.

तयारी: काय जमवायचे

मल्टिमीटर, बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, धागे न सुटणारे कापड, जुने पण चालणारे दोन रिमोट आणि एक संगणक. महात्मा गांधी रोडच्या बाजूला मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्यांकडे आयसोप्रोपिल मिळते. फक्त ‘आयपीए’ म्हणून मागा. मेडिकलमधले सर्जिकल स्पिरिट त्याच्या जागी वापरू नका, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात.

मशीन नसेल तर गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात नजर ठेवा, ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारून ठेवा. विकत घेताना दोन गोष्टी बघायच्या: कॅसेटच्या खाचेतल्या पितळी पात्या सरळ आहेत का, आणि मागे ऑडिओ-व्हिडिओची पिन आहे का. फक्त अँटेनाची वायर असलेले मशीनही चालते, पण नव्या टीव्हीवर त्याचा चॅनेल शोधण्यात संध्याकाळ जाते.

टप्पा १: मशीन उघडून ओळख पटवा

मागचे स्क्रू काढा आणि बोर्डवर काय आहे ते वाचा. पुढचे सगळे निर्णय यावर ठरतात, म्हणून फोटो काढून ठेवा.

बोर्डवर चाळीस पायांच्या दोन लांब चिप असतील तर मशीन चांगल्या जातीचे आहे. त्यांच्यावर ‘यूए ६५२७ पी’ आणि ‘यूए ६५३८’ असे छापलेले असेल तर ते ५० हर्ट्झचे (सेकंदाला ५० वेळा चित्र काढणारे), आपल्या टीव्हीसाठी बनवलेले मशीन. ‘यूए ६५२७’ (शेवटी पी नाही) आणि ‘यूए ६५२८’ असेल तर ते ६० हर्ट्झचे. आकडे पुसलेले असतील तर क्रिस्टल बघा, म्हणजे चिपजवळची चकचकीत पत्र्याची लांबट डबी. तिच्यावर २६.६०१ असेल तर ५० हर्ट्झ, २१.४७७ असेल तर ६० हर्ट्झ.

चिपऐवजी काळ्या डांबरासारखा एकच गोळा दिसला, तर ते नंतरच्या काळातले स्वस्त मशीन. अख्खा संच त्या एका गोळ्यात कोंबलेला असतो. साध्या कॅसेट यावर चालतात, पण फ्लॅश कार्ट्रिज अनेकदा सुरूच होत नाही. तुमचे मशीन असे असेल तर सध्या एम्युलेटरवरच (संगणकावर या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) सराव करा आणि दोन चिपचे मशीन मिळेपर्यंत कार्ट्रिजचा खर्च थांबवा.

*तपासणी:* मशीन ५० हर्ट्झचे आहे की ६० हर्ट्झचे, हे आता तुम्हाला ठामपणे सांगता आले पाहिजे.

टप्पा २: अडॅप्टर

सर्वांत जास्त मशीन इथे मरतात. मूळ अडॅप्टर हरवलेला असतो, घरातला कुठलातरी नऊ व्होल्टचा सापडतो, पिन बसते आणि माणूस चालू करून मोकळा होतो.

पिन बसणे म्हणजे अडॅप्टर जुळणे नव्हे. मूळ फॅमिकॉममध्ये पिनच्या आतल्या छिद्राला ऋण आणि बाहेरच्या नळीला धन असते. नकलांमध्ये हे बदलते. म्हणून बोर्डवर ‘७८०५’ हा तीन पायांचा रेग्युलेटर शोधा. छापलेली बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. आता अडॅप्टर न लावता, मशीनच्या सॉकेटचा कोणता भाग मधल्या पायाला जोडलेला आहे ते मल्टिमीटरच्या ‘बीप’वर तपासा. तो ऋण. मध्ये डायोड असेल तर बीप येणार नाही, मग बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीचा मार्ग डोळ्यांनी शोधा.

अडॅप्टरचा व्होल्टेजही मोजा. जुन्या जड, ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरवर नऊ व्होल्ट लिहिलेले असले तरी भार नसताना बारा-तेरा दिसतात. रेग्युलेटर हे सहन करतो, पण जास्तीचे व्होल्टेज उष्णता म्हणून बाहेर टाकतो. फ्लॅश कार्ट्रिज साध्या कॅसेटपेक्षा जास्त करंट ओढते, त्यामुळे तो आणखी तापतो. नऊ व्होल्टचा, एक अँपिअरचा, स्थिर डीसी देणारा नवा अडॅप्टर घ्या. तो महाग नाही आणि यात काटकसर करू नये.

*इशारा:* अडॅप्टरवर ‘एसी आउटपुट’ लिहिलेले असेल तर तो कधीही लावू नका.

*तपासणी:* एखादी साधी कॅसेट लावून मशीन चालू करा, रेग्युलेटरच्या आउटपुट पायावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा घसरत असेल तर रेग्युलेटर आणि त्याच्याजवळचा मोठा कपॅसिटर बदलून घ्या. टीव्ही दुरुस्तीवाला अर्ध्या तासात करून देतो.

टप्पा ३: खाच आणि कॅसेटचे पाय

फुंकर मारायची नाही. आपण सगळ्यांनी लहानपणी मारली आहे आणि कॅसेट चालायचीही, पण ती चालायची काढून पुन्हा घातल्यामुळे. फुंकरीतली वाफ पात्यांवर बसते आणि नाशिकच्या पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवट थर धरतो.

कापड जुन्या एटीएम कार्डच्या कडेवर गुंडाळा, आयसोप्रोपिलमध्ये ओले करा आणि खाचेत सरळ वरखाली फिरवा. आडवे घासू नका, पात्या वाकतात. कापड काळे येत राहील तोवर कापड बदलत राहा. खाचेत साठ पाती असतात, तीस-तीसच्या दोन ओळी. टॉर्च धरून प्रत्येक ओळ बाजूने बघा. एखादी पाती शेजारणीपेक्षा मागे दबलेली दिसली तर बारीक सुईने हलकेच पुढे आणा.

*इशारा:* डिसेंबर-जानेवारीत इथली हवा थंड आणि कोरडी असते. लोकरीचा स्वेटर घालून उघड्या बोर्डला हात लावू नका. आधी पाण्याच्या धातूच्या नळाला किंवा अर्थिंग असलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा.

*तपासणी:* तीच साधी कॅसेट सलग पाच वेळा बंद-चालू करून एकदाही न अडखळता उठली पाहिजे. हे होत नसेल तर फ्लॅश कार्ट्रिजही उठणार नाही.

टप्पा ४: एम्युलेटर आपल्या मशीनसारखा करा

एम्युलेटरवर गेम चालला म्हणजे काम झाले, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक. एम्युलेटर उतरवून घेतल्यावर तो ६० हर्ट्झच्या अमेरिकी मशीनची, स्वच्छ मेमरीची, आदर्श परिस्थितीची नक्कल करतो. तुमच्या माळ्यावरचे मशीन तसे नाही.

‘मेसेन’ हा एम्युलेटर वापरा. त्यात हे तीन बदल करा.

पहिला, रीजन, म्हणजे टीव्हीची पद्धत. तिथे एनटीएससी (६० हर्ट्झ), पाल (५० हर्ट्झ) आणि ‘डेंडी’ असे पर्याय आहेत. तुमचे मशीन २६.६०१ क्रिस्टलचे असेल तर डेंडी निवडा. आपला टीव्ही पाल म्हणून बरेच जण पाल निवडतात आणि इथेच फसतात. मूळ पाल मशीनचा सीपीयू १.६६ मेगाहर्ट्झवर चालतो. आपल्या नकलांचा १.७७ वर, म्हणजे जवळपास एनटीएससीच्या १.७९ इतका. चित्र पालच्या वेगाने आणि सीपीयू एनटीएससीच्या वेगाने, असे हे मिश्रण आहे. ‘डेंडी’ हे नाव रशियात विकल्या गेलेल्या अशाच नकलेचे आहे.

दुसरा, चालू होतानाची मेमरी. ‘रँडम’ ठेवा. खऱ्या मशीनच्या मेमरीत सुरुवातीला कचराच असतो.

तिसरा, आवाजात जुन्या नकलांसाठी स्क्वेअर चॅनेलच्या ड्यूटीची (लहर किती वेळ उंच राहते त्या प्रमाणाची) अदलाबदल करण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. या नकलांच्या अनेक चिपमध्ये २५ आणि ५० टक्के ड्यूटी उलट बसलेल्या आहेत. मूळ मशीनसाठी लिहिलेली कर्कश धून इथे गोल ऐकू येते आणि गोल धून कर्कश.

डीबगरमध्ये (चुका शोधण्याच्या साधनात) ‘न भरलेल्या मेमरीतून वाचन झाले तर थांब’ असाही पर्याय आहे. तो लिहितानाच चालू ठेवा. पुढच्या टप्प्यातल्या निम्म्या चुका तोच पकडून देतो.

टप्पा ५: गेम लिहिताना

‘सीसी ६५’ हे मोफत साधन घ्या, त्यात असेम्ब्लर आणि सी दोन्ही आहेत. पहिला गेम सगळ्यात साध्या रचनेचाच करा: ३२ किलोबाइट प्रोग्राम, ८ किलोबाइट चित्रे, बँक (मेमरीचे भाग) बदलण्याची भानगड नाही. या रचनेला ‘एनरॉम’ म्हणतात. पहिल्याच गेमला मोठा मॅपर (बँक बदलणारी कार्ट्रिजमधली यंत्रणा) निवडला की चूक कोडमध्ये आहे की मॅपरमध्ये, हे कळायला मार्ग राहत नाही.

*सुरुवातीचा क्रम.* सीपीयूचे इंटरप्ट (काम मध्येच थांबवणारे इशारे) बंद करा. लगेच पीपीयूचा (चित्र काढणाऱ्या चिपचा) एनएमआय, म्हणजे दर फ्रेमला येणारा इंटरप्ट, आणि चित्र दोन्ही बंद करा. एका व्ही-ब्लँकची (दोन फ्रेममधल्या फटीची) वाट बघा. २ किलोबाइट मेमरी शून्य करा. दुसऱ्या व्ही-ब्लँकची वाट बघा. मगच पॅलेट (रंगांचा तक्ता) आणि चित्र भरा. चालू झाल्यावर साधारण पहिली फ्रेम पीपीयू काही रजिस्टरमधले लेखन ऐकतच नाही, म्हणून दोन वेळा थांबायचे.

एनएमआय पहिल्या क्षणी बंद करण्याचे कारण वेगळे आहे. फॅमिकॉममध्ये, आणि त्यावरून बनलेल्या बऱ्याच मशीनमध्ये, रीसेटचे बटण फक्त सीपीयूपर्यंत पोहोचते, पीपीयूपर्यंत नाही. रीसेट दाबला तरी पीपीयू आधीच्याच अवस्थेत असतो आणि अर्धवट तयारीत एनएमआय येऊन धडकतो. बंद करून चालू केल्यावर गेम नीट उठतो आणि रीसेट दाबला की लटकतो, अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा.

*व्ही-ब्लँकचा वेळ.* चित्राची मेमरी फक्त दोन फ्रेममधल्या फटीत बदलायची. मूळ पाल मशीनवर ही फट ७० ओळींची आहे, एनटीएससी आणि डेंडीवर २० ओळींची, म्हणजे साधारण २,२७० सायकल (सीपीयूचे ठोके). त्यातल्या ५१३ ते ५१४ स्प्राइटच्या (हलणाऱ्या चित्रांच्या) डीएमएमध्येच, म्हणजे माहिती एकगठ्ठा पाठवण्यातच, जातात. पाल निवडून तपासलेला गेम इथे उघडा पडतो. एम्युलेटरवर छान, मशीनवर मात्र वरच्या ओळींत चुकीच्या टाइल्स (चित्राचे छोटे चौकोन). फटीत मावत नसेल तर काम दोन फ्रेममध्ये वाटा.

*वेग.* ६० हर्ट्झसाठी लिहिलेला गेम ५० हर्ट्झवर साधारण सतरा टक्के हळू चालतो. फक्त आपल्यासाठी लिहीत असाल तर पात्रांचा वेग आणि संगीताची लय ५० वर बेतून टाका. गेम इतरांनाही देणार असाल तर सुरुवातीला दोन व्ही-ब्लँकमधले सायकल मोजा: एनटीएससीवर सुमारे २९,७८०, पालवर ३३,२४७, डेंडीवर ३५,४६४. तिन्ही आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत की ढोबळ मोजणीही पुरते.

*संगीत.* लय ५० हर्ट्झची, पण सुरांचा तक्ता एनटीएससीचा. संगीत बनवण्याच्या साधनात ‘पाल’ म्हणून एक्सपोर्ट केले तर दोन्ही बदलतात आणि आपल्या मशीनवर सगळे गाणे जवळजवळ अर्धा सूर चढे वाजते. ज्यांचा कान तयार आहे त्यांना हे पहिल्या ओळीतच टोचते. बाकीच्यांना काहीतरी बिघडले आहे एवढेच जाणवते.

*कडा.* पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा. गुण, जीव, सूचना कडेपासून सोळा पिक्सेल आत ठेवा. जुने टीव्ही कडा खातात, प्रत्येक टीव्ही वेगळी खातो.

टप्पा ६: फाइलची झडती

रॉम तयार झाली की आधी तिचा आकार बघा. १६ बाइट हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती), ३२,७६८ प्रोग्राम आणि ८,१९२ चित्रे, मिळून ४०,९७६ बाइट. १६ किलोबाइटच्या प्रोग्रामची धाकटी रचना असेल तर २४,५९२. एक बाइट कमी-जास्त असेल तरी थांबा, लिंकरच्या (तुकडे जोडून रॉम बनवणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये चूक आहे.

मग हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या साधनात) हेडर उघडा. पाचव्या बाइटमध्ये १६ किलोबाइटचे किती भाग आहेत तो आकडा, सहाव्यात ८ किलोबाइटचे. सातव्याच्या सगळ्यात खालच्या बिटमध्ये मिररिंग (पडद्याबाहेर कोणत्या दिशेला तेच चित्र पुन्हा येते): शून्य म्हणजे आडवे, एक म्हणजे उभे. गेम बाजूला सरकत असेल तर सहसा उभे मिररिंग लागते. हे उलटे पडले की पडदा सरकताना तोच भाग पुन्हा दिसतो. साध्या हेडरमध्ये शेवटचे आठ बाइट शून्य असावेत. जुनी काही साधने तिथे कचरा टाकतात आणि कार्ट्रिज भलताच मॅपर समजते.

*तपासणी:* मेसेनमध्ये डेंडी आणि रँडम मेमरीवर गेम वीस वेळा रीसेट, वीस वेळा बंद-चालू. एकदाही वेगळे वागता कामा नये.

टप्पा ७: आता कार्ट्रिज

इथपर्यंत सगळे जमले असेल तरच पैसे खर्च करा. मागवताना साठ पिनची, म्हणजे फॅमिकॉमची आवृत्ती मागवा. बहात्तर पिनची अमेरिकी आवृत्ती आपल्या खाचेत बसत नाही, आणि अडॅप्टर लावून बसवली तरी आणखी एक सांधा वाढतो. एव्हरड्राइव्ह एन ८ दोन्ही प्रकारांत मिळते, त्यामुळे ऑर्डर करताना प्रकार दोनदा वाचा. परदेशातून येणाऱ्या पार्सलवर कस्टम्स लागू शकते, ते हिशेबात धरा.

मेमरी कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या. ४ ते ३२ जीबीची सहसा ‘फॅट ३२’ या फाइल मांडणीत येतात. ६४ जीबीची ‘एक्सफॅट’ मध्ये येतात, ती अनेक कार्ट्रिज वाचत नाहीत. ओळखीच्या दुकानातून, पावतीसह घ्या. बनावट कार्डवर फाइल दिसते, पण आतला मजकूर बिघडलेला असतो. कार्ट्रिजच्या निर्मात्याने दिलेला सिस्टिमचा फोल्डर उलगडून कार्डाच्या अगदी वरच्या पातळीवर ठेवा, झिप तशीच टाकू नका. संगणकातून कार्ड काढताना ‘इजेक्ट’ करा.

कार्डावर स्वतःचे गेम आणि लेखकांनी मोफत दिलेले गेम ठेवा. बाजारातल्या गेमच्या रॉम उतरवून भरणे कॉपीराइटचा भंग आहे, गेम कितीही जुना असला तरी.

टप्पा ८: पहिली जोडणी

मशीन बंद. लेबल तुमच्याकडे. कार्ट्रिज सरळ खाली, एका दाबात. मग टीव्ही, मग मशीन चालू.

आधी फक्त कार्ट्रिजचा मेनू येतो का ते बघा आणि पाच मिनिटे तसेच राहू द्या. रेग्युलेटरजवळ बोट न्या. ऊब चालेल, बोट ठेववत नसेल तर बंद करा आणि टप्पा २ वर परत जा. मग मोफत मिळणारा ‘२४० पी टेस्ट सूट’ हा चाचणीचा प्रोग्राम चालवून रंग आणि आवाज तपासा. तुमचा गेम त्यानंतर.

*इशारा:* चालू मशीनमधून कार्ट्रिज काढू नका, घालू नका. कॅसेटने हे अनेक वर्षे सहन केले असेल, फ्लॅश कार्ट्रिजच्या आतली चिप करत नाही.

सेव्ह असलेला गेम खेळलात तर बंद करण्याआधी रीसेट दाबून मेनूवर या. काही कार्ट्रिज सेव्ह त्या वेळीच कार्डावर उतरवतात.

चालले नाही तर, याच क्रमाने बघा

मेनूच येत नाही, पण साधी कॅसेट चालते: मशीन काळ्या गोळ्याचे आहे का, कार्ड फॅट ३२ आहे का, सिस्टिमचा फोल्डर वर आहे का.

मेनू येतो, गेम काळा: हेडर आणि सुरुवातीचा क्रम. टेस्ट सूट चालत असेल तर दोष कार्ट्रिजमध्ये नाही, रॉममध्ये आहे.

चित्र येते, आवाज नाही: साठ पिनच्या रचनेत मशीनचा आवाज ४५ क्रमांकाच्या पिनवरून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ वरून परत येतो. स्वतः बनवलेल्या बोर्डवर या दोन पिन जोडायचे राहून गेले की हेच होते. विकतच्या कार्ट्रिजवर असे झाले तर त्या दोन पात्या पुन्हा साफ करा.

नव्या एलईडी टीव्हीवर चित्र थरथरते किंवा ‘सिग्नल नाही’ म्हणतो, जुन्या डब्यावर मात्र व्यवस्थित: मशीनचा सिग्नल इंटरलेस (एकाआड एक ओळी पाठवणारा) नसतो आणि काही नवे टीव्ही तो चुकीचा समजतात. गेममध्ये काही दुरुस्त करायचे नाही. दुसरा टीव्ही लावून बघा.

एक रिमोट चालतो, दुसरा नाही: नऊ पिनचा प्लग सारखा दिसला तरी वेगवेगळ्या मशीनच्या रिमोटची आतली वायरिंग वेगळी असते. रिमोट अदलाबदल करून बघा. गेम स्वतः लिहिला असेल तर बटण वाचताना फक्त खालचा एक बिट न बघता खालचे दोन्ही बघा. फॅमिकॉमच्या वाढीव पोर्टवरचा रिमोट दुसऱ्या बिटवर येतो.